नैराश्य, तीन दारं आणि कळमेश्वरची सुनंदा

ढोबळेकाकांची गोळी

माझं औषधांचं दुकान आहे. नागपुरात, आमच्याच कॉलनीच्या तोंडाशी. फार्मसीची पदविका घेतल्यापासून मी हेच काम करते. नैराश्याच्या गोळ्या कोणत्या, त्या कोण लिहून देतं, आणि नेताना पिशवीत त्या खाली ठेवून वरून बिस्किटाचा पुडा कोण टाकतं, हे मला आजारी पडण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही.

ढोबळेकाका आमचं जुनं गिऱ्हाईक. दर महिन्याला बी.पी.ची गोळी नेतात. एका सकाळी ते गोळी घेऊन गेले आणि तासाभराने परत आले. पट्टी काउंटरवर ठेवून हळूच म्हणाले, "पोरी, ही माही गोळी नाही."

खरंच नव्हती. मी त्यांना मधुमेहाची गोळी दिली होती. त्यांना मधुमेह नाही. रंग वेगळा दिसला म्हणून त्यांनी घेतली नाही, एवढंच. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तब्येत बरी नाही काय तुही?"

मी मागच्या खोलीत गेले आणि खोक्यांच्या मधे खाली बसले. मला रडू आलं नाही. या आजारात माणूस रडत बसतो असं लोकांना वाटतं. माझ्या बाबतीत रडू पहिलं बंद झालं होतं. त्यानंतर कधीतरी जेवणाची चव गेली. मग आंघोळ दोन-दोन दिवस राहायला लागली. मग चिठ्ठीवरची अक्षरं तीनदा वाचावी लागायला लागली. पाच-सहा महिने हे चाललं होतं आणि मी त्याला थकवा म्हणत होते.

त्या दिवशी मी नवऱ्याला, राजेशला, ऑफिसात फोन करून सांगितलं की मला डॉक्टरकडे जायचं आहे. तो म्हणाला, "कायच्या डॉक्टरकडे?" मी म्हणाले, "डोक्याच्या." तो खुर्ची सरकवून बाहेर गेल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "घरी आल्यावर बोलू. दुकानात कोणाले सांगू नको."

पहिलं दार मी निवडलं

आधी आम्ही घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ताकदीचं सलाईन लावलं आणि या वयात बायकांना असं होतंच, असं सांगितलं. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. सलाईन संपेपर्यंत राजेश मोबाइल पाहत बसला. निघताना म्हणाला, "पाह्य, काही नाही तुले."

पण दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा एक चिठ्ठी चुकीची वाचली. या वेळी माझी चूक मलाच सापडली. मग मी स्वतःच मानसोपचारतज्ज्ञ शोधला.

कसा शोधला ते प्रामाणिकपणे लिहिते. शहरातल्या या डॉक्टरांची नावं मला तोंडपाठ होती, त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच हातात येत. कोण काय विचारून लिहितं, कोणाचे पेशंट वर्षभरात सुधारून दिसतात, एवढं जरी मी आठवून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. मी ते केलं नाही. मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा असा डॉक्टर निवडला, ज्याची चिठ्ठी आमच्या भागात कधी येत नाही. म्हणजे तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही. दुसरं म्हणजे त्याच्याकडे गर्दी असते असं ऐकलं होतं. बस, एवढ्यावर ठरवलं. साडी घेताना मी याहून जास्त चौकशी करते.

दोन तास बसल्यावर नंबर आला. डॉक्टरांनी मान वर केली नाही.

"झोप?"

"लागत नाही. म्हणजे लागते, पण लवकर उघडते."

"भूक?"

"नाही."

"घरी काही टेन्शन?"

मी राजेशकडे पाहिलं. काय सांगावं ते मनात जुळवेपर्यंत पेन चालू झालं होतं. चार गोळ्या. मी चिठ्ठी वाचली, सवयच आहे ती. म्हणाले, "सर, यातल्या दोन झोपेच्याच आहेत. दोन्ही एकत्र कशासाठी?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. केमिस्ट आहे."

"मग द्यायचं काम तुम्ही करा. लिहायचं मला करू द्या."

राजेशला हे उत्तर आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "डॉक्टर असा कडक पाह्यजे." मी ऑटोत बसून चिठ्ठी पुन्हा काढली. मला काय झालंय हे त्या खोलीत कोणीच म्हणालं नव्हतं. चारांतल्या एका गोळीच्या नावावरून मी ते ओळखलं. ती कशावर देतात ते मला माहीत होतं. लोक निदानाचा दिवस आयुष्यभर विसरत नाहीत म्हणतात. माझा दिवस असा होता: एका हाताने ऑटोची दांडी धरलेली आणि दुसऱ्या हातातल्या कागदावरून माझ्या आजाराचं नाव मीच काढत होते.

झोप

पाच महिने मी झोपले. त्याला दुसरा शब्द नाही. सकाळी दहाला उठायचं, दुकानात बसायचं, दुपारी घरी येऊन पुन्हा झोपायचं. दुकानात एक पगारी फार्मासिस्ट ठेवली होती, तीच सगळं बघायची. मी खुर्चीवर असायचे. दर महिन्याला दोन तास बसून तीन मिनिटं डॉक्टर पाहायचे. "फरक?" "थोडा." "चालू ठेवा."

श्रुती, माझी मुलगी, तेव्हा दहावीला होती. शेवटच्या पेपरच्या दिवशी तिने मला केंद्रावर घ्यायला बोलावलं होतं. सगळ्यांच्या आया येणार होत्या, नंतर कुठेतरी आइसक्रीम खायचं ठरलं होतं. मी संध्याकाळी उठले तेव्हा ती घरात होती, युनिफॉर्म बदलून.

"मला उठवलं का नाही फोन करून?"

"केला होता फोन. तू उचलला. हो, निघते म्हणालीस."

मला काहीच आठवत नव्हतं. ती रागावली नव्हती, याचंच मला वाईट वाटलं. तिने माझ्याकडून कसलीही अपेक्षा धरायचं सोडून दिलं होतं. आजही ती मला कुठे बोलवायचं असलं की आधी विचारते, "जमेल ना तुला?" मी बरी होऊन दीड वर्ष झालं तरी विचारते.

त्या डॉक्टरांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्या दुकानात कोणी म्हणालं असतं की बाई, या गोळीने दिवसभर गुंगी येते, तर मी म्हणाले असते, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील.

सुनंदा

त्या दवाखान्याच्या बाकावर मला सुनंदा भेटली. कळमेश्वरची. घरी शिवणक्लास घेते. नवरा, देवराव, तिथल्याच एका कारखान्यात फिटर. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल, पण पहिल्याच दिवशी मला अगं-तुगं करून मोकळी झाली. माझ्याकडे पाहत म्हणाली, "हे ब्लाउज कोणं शिवलं वं तुले? खांद्यात चुकलं आहे."

किती महिन्यांनी मी पहिल्यांदा हसले असेन.

आम्हा दोघींचा नंबर बहुतेक वेळा मागेपुढे यायचा. तिचं आजारपण माझ्याहून जुनं होतं. दोन बाळंतपणांनंतर, मग सासू गेल्यावर. पण तिला त्या डॉक्टरांची गोळी लागू पडली होती. हे मला लिहावंच लागेल. मला जो माणूस चुकीचा ठरला, त्याच्याच एका गोळीने सुनंदा उठून बसली होती. चौथ्या महिन्यात तिने मशीनला तेल घातलं. पाचव्या महिन्यात तिच्याकडे दोन मुली पुन्हा शिकायला येऊ लागल्या. मला म्हणाली, "तुही गोळी बदलून माग नं त्याले. घाबरते काहून?"

मी मागितली नाही.

दुसरं दार नवऱ्याने निवडलं

राजेश कंटाळला होता. त्याची बाजूही खरी आहे. घरात एक बाई नुसती झोपून असते, पोरगी गप्प असते, आणि ऑफिसात कोणाला सांगता येत नाही. एक दिवस तो म्हणाला, "आमच्या ऑफिसातल्या एकाची बायको एका सराकडे जाऊन चांगली झाली. बिना गोळीची. चाल, जाऊन पाहू."

सीताबर्डीत कपड्याच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. थंडगार हवा, मंद संगीत. भिंतीवर एका ओळीत फ्रेमा लावलेल्या, प्रत्येकीत प्रमाणपत्र. मी त्या वाचल्या नाहीत. मी, जी औषधाच्या प्रत्येक खोक्यावरची तारीख पाहते. खूप नंतर वाचल्या. एकही डॉक्टरकीची नव्हती, एकही मानसशास्त्राची पदवी नव्हती. दोन दिवसांचे, दहा दिवसांचे कोर्स होते सगळे.

पण सर चांगलं बोलायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऐकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं पाऊण तास ऐकलं. त्या एका पाऊण तासावर मी सगळा विश्वास टाकला. ज्यांचं या आजारात अजून कोणी नीट ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते. ऐकून घेणारा माणूस मिळाला की इतकं बरं वाटतं की हाच माझा डॉक्टर असं वाटू लागतं. ऐकून घेणं आणि इलाज करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या भेटीत सर म्हणाले, "मॅडम, डिप्रेशन हा आजार नाही, मनाला लागलेली सवय आहे. गोळ्या म्हणजे कुबड्या. पाय धड असून कुबड्या घेतल्या तर पायच कमजोर होतात. तुम्हाला त्या हव्यात का, हे तुम्हीच ठरवा."

मी त्याच दिवशी ठरवलं. चारही गोळ्या एकदम बंद केल्या. काउंटरवर उभं राहून मी किती जणांना सांगितलं असेल की या गोळ्या मनाने सोडू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. ती वाक्यं माझ्या तोंडात अजून तशीच होती, आणि तरी मी पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

पहिले सात-आठ दिवस फार छान गेले. गुंगी उतरली. सकाळी जाग आली. श्रुतीला मी पोहे करून दिले. त्या आनंदात मी कळमेश्वरला फोन केला.

"सुनंदा, मी गोळ्या सोडल्या. एकदम मोकळं वाटतंय."

"सोडल्या? सगळ्या?"

"सगळ्या. तू पण ये एकदा सरांकडे. काही गरज नाही गं या गोळ्यांची."

ती म्हणाली, "मले तर चांगलं वाटून राहिलं या गोळीनं. सोडू काय?"

"अगं, ती गोळीची ताकद आहे, तुझी नाही." हे वाक्य सरांचं होतं. मी ते माझं म्हणून वापरलं.

ती म्हणाली, "तू केमिस्ट आहे. तू म्हणते म्हणजे असंनच काही."

रामटेकच्या पायऱ्या

तिसऱ्या आठवड्यात डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं व्हायला लागलं. मान वळवली की झटका. मग हातपाय स्वस्थ बसेनात. मग जुनं सगळं परत आलं, आधीपेक्षा जास्त. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, विष बाहेर पडतंय. पुढच्या वेळी सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुमची बरं व्हायची इच्छाच कमी पडते आहे, मॅडम." त्यावर मला राग यायला हवा होता. मला ते पटलं. या आजारात स्वतःविरुद्ध कोणीही काहीही सांगितलं तरी पटतं.

सरांनी रामटेकला एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. पस्तीस-चाळीस लोक असतील. सुनंदा कळमेश्वरहून आली होती. तिला पाहून मी चरकले. केस न विंचरलेले, साडीच्या निऱ्या कशातरी खोचलेल्या. जी बाई दुसऱ्याच्या ब्लाउजचा खांदा लांबून पाहून चूक काढायची, तिच्या स्वतःच्या ब्लाउजची दोन बटणं तुटली होती.

गडाच्या पायऱ्या सगळ्यांनी न थांबता चढायच्या, असं ठरलं होतं. प्रत्येक पायरीवर एक वाईट विचार सोडून द्यायचा. निम्म्या पायऱ्याही झाल्या नव्हत्या, तर सुनंदा खाली बसली.

"मह्याच्यानं नाही होत."

सर वरून परत दोन पायऱ्या उतरले. त्यांनी आवाज चढवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं शांतपणे म्हणाले, "काही लोक आपली निगेटिव्हिटी सोडायला तयार नसतात. त्यांच्याजवळ थांबू नका. ती लागते. पुढे चला."

लोक पुढे निघाले. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या शेजारून वर निघून गेले.

तिच्यापासून हातभर अंतर ठेवून गेले. हे मी मला पुढे भेटलेल्या मानसशास्त्रज्ञांना सांगितलं आहे, राजेशला सांगितलं आहे. आता इथे लिहिते आहे. लिहून ते कमी होत नाही.

देवरावांचा फोन

त्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी, दुकानात फोन आला. देवराव बोलत होते. सुनंदाने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. ती वाचली होती. दवाखान्यात होती. त्यांनी मला कशासाठी फोन केला ते मला आधी कळेना. मग ते म्हणाले, "तिच्या मोबाइलमधी शेवटचा लांब फोन तुमच्यासंगचा होता. काय सांगतलं होतं तुम्ही तिले?"

मी सांगितलं. जसं होतं तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मी दुकानात उभी होते. माझ्या चारही बाजूंना औषधं होती. एवढंच लिहिते. पगारी फार्मासिस्ट जेवायला गेली होती. मी बाहेर आले, शटर ओढलं, पायरीवर बसले आणि राजेशला फोन लावला. म्हणाले, "मला दुकानात एकटं ठेवू नका. घरीही ठेवू नका."

या वेळी त्याने कायच्या डॉक्टरकडे असं विचारलं नाही. तो वीस मिनिटांत आला. येताना हेल्मेट घालायचंही विसरला होता.

तिसरं दार

तिसरं दार कोणी निवडलं नाही. जे जवळ होतं, ज्याला नाही म्हणता येत नाही, तिथे आम्ही गेलो. सरकारी दवाखान्याचा मानसोपचार विभाग. कोणी ओळखीचं भेटेल म्हणून जी जागा मी इतके महिने टाळली होती, तीच ही. आणि भेटलंच. ढोबळेकाकांची सून तिथे परिचारिका निघाली. तिने मला ओळखलं, काही विचारलं नाही, आणि मला बाकावरून उठवून आत नेऊन बसवलं. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी माझ्यासमोर बसली आणि तिने जवळजवळ तासभर विचारलं. लहानपणापासून. घरात आधी कोणाला होतं का. थायरॉइड कधी तपासलं. कोणत्या गोळ्या, किती दिवस, कोणत्या दिवशी बंद केल्या. मग राजेशला बाहेर पाठवून सरळ विचारलं, "मरायचा विचार येतो का? आज आला का? कसं करायचं ते ठरवलं होतं का?"

मला वाटायचं, हे कोणी विचारलं तर मी मोडून पडेन. उलट इतक्या महिन्यांनी मला नीट श्वास घेता आला.

मग मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी कागद वाचला आणि मला विचारलं, "तुम्ही केमिस्ट?"

"हो."

"आणि चार गोळ्या एका दिवसात बंद केल्या?"

"हो."

"दुसऱ्या कोणाला तरी सांगितलंत का, बंद करा म्हणून?"

मी हो म्हणाले. त्या मला ओरडल्या. त्यांनी सहानुभूती दाखवली नाही, हेच मला त्या दिवशी सगळ्यात प्रामाणिक वाटलं.

मग त्यांनी आजाराचं नाव घेतलं. माझ्यासमोर, माझ्याकडे पाहून, मराठीत. म्हणाल्या, "तुम्हाला तीव्र नैराश्य आहे. बरं होतं. पण पहिले दोन-तीन आठवडे तुम्हाला काहीच फरक वाटणार नाही, आणि तेव्हाच तुम्ही सोडायला निघाल. तसं वाटलं तर माझ्याशी भांडायला या. घरी बसून ठरवू नका."

मला त्यांनी दाखल करून घेतलं. तेरा दिवस. सकाळी सहाला चहा, सातला रक्तदाब, नऊला मॅडमचा राऊंड. मधला सगळा वेळ पंख्याकडे पाहण्याचा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दिवसातून चाळीस वेळा आपला मुलगा आला का विचारायची. वॉर्डातली एक आया, तिचं नाव मी कधी विचारलं नाही, रोज सकाळी माझी वेणी घालायची. मी नको म्हणाले तर म्हणायची, "तू नको म्हण, मी घालते." तेरा दिवसांत माझ्यावर माया केली ती त्या बाईने.

राजेश रोज यायचा, डबा ठेवायचा, खिडकीपाशी उभा राहायचा. नवव्या दिवशी म्हणाला, "मीच नेलं होतं तुले त्या सराकडे."

मी म्हणाले, "हो."

त्याला वाटलं होतं मी, जाऊ द्या, म्हणेन. मी म्हणाले नाही. आमचं लग्न टिकलं आहे, चांगलं चाललं आहे असंही म्हणता येईल. पण ते 'हो' आमच्या दोघांच्या मधे अजून आहे.

घरी आल्यावर मला आठवड्यातून एकदा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं, गोळी न लिहिता बोलून इलाज करणाऱ्या. त्या मला आधी आवडल्या नाहीत. तरुण, शांत, घड्याळ पाहून वेळेवर थांबणाऱ्या. दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं, ही गोळी मला जड होते, अर्धी करू का? त्या म्हणाल्या, "ते माझं क्षेत्र नाही. मॅडमना विचारा. हवं तर मी आत्ता फोन लावून देते." मला या एका वाक्यासाठी वर्षभर लागलं होतं. आपलं काम कुठे संपतं हे सांगणारी ही मला भेटलेली पहिली व्यक्ती.

आता काउंटरवर

आता लोक हळूच विचारतात. पिशवीत बिस्किटाचा पुडा टाकता टाकता विचारतात, बाई, या आजारासाठी कोणाकडे जावं? मी नावं सांगायच्या आधी त्यांनाच विचारते. पहिल्या भेटीत तुम्हाला किती वेळ दिला? आजाराचं नाव सांगितलं का? गोळीने काय त्रास होईल ते आधी सांगितलं का? तुम्ही प्रश्न विचारल्यावर डॉक्टरांचा चेहरा कसा झाला? आणि गोळ्या सोडा असं जो सांगतो त्याला गोळ्या लिहायचा अधिकार आहे का, एवढं पाहा. भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा. एका डॉक्टरशी जमलं नाही तर दुसऱ्याकडे जा, पण दोघांच्या मधे गोळी बंद करू नका. ज्या डॉक्टरला घरच्यांशी एकदा बोलावंसं वाटत नाही, त्याच्याकडे मी माझं माणूस पाठवत नाही.

बहुतेक जण ऐकून घेतात आणि विचारतात, "पण जवळचा कोणता आहे? म्हणजे, आमच्या भागातला नको, कोणी पाहील."

सीताबर्डीच्या त्या सरांकडे मी एकदा गेले होते. सुनंदाचं सांगितलं. त्यांनी वाईट वाटल्याचा चेहरा केला आणि म्हणाले, "गोळ्या बंद करा असं मी कोणाला कधी लिहून दिलेलं नाही, मॅडम. निर्णय तुमचाच होता." हे खरं होतं. त्यांनी मला काहीच लिहून दिलं नव्हतं. सुनंदालाही नाही. सुनंदाला मी सांगितलं होतं. त्यांचा बोर्ड आता आधीपेक्षा मोठा झाला आहे, मेट्रोतूनही दिसतो.

कळमेश्वरला

मी बरी झाले. सुनंदा झाली नाही. तिला दवाखान्यातून घरी आणल्यावर देवरावांनी एकही गोळी घरात येऊ दिली नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते दारातच उभे राहिले.

"तुम्ही शिकल्या-सवरल्या, मॅडम. तिनं शिवणक्लास केला फक्त. तिनं तुमचं ऐकलं."

"हो."

"आता काहून आल्या?"

"चांगल्या डॉक्टरचं नाव द्यायला."

"डॉक्टर नाही पाह्यजे. सर नाही पाह्यजे. अन् तुम्ही बी नाही पाह्यजे." ते रागाने बोलत नव्हते. थकलेल्या माणसासारखे बोलत होते.

दुसऱ्यांदाही मी दारातूनच परत आले. तिसऱ्यांदा ते ड्यूटीवर होते. सुनंदाने दार उघडलं. मशीनवर चादर टाकलेली होती. ती खाटेवर बसली, मी समोर पाटावर. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तू चांगली दिसून राहिली."

"हो. बरी आहे आता."

"मले पाहावत नाही."

तिने मशीनकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी बी बरी होऊन राहिली होती वं. तुह्या फोनच्या आधी. चार ब्लाउज शिवले होते त्या हप्त्यात."

"माहीत आहे. माझी चूक झाली, सुनंदा."

"झाली नं. मंग मी काय करू तुह्या चुकीचं?"

मी पर्समधून कागद काढून खाटेवर ठेवला. मॅडमचं नाव, खोलीचा नंबर, वार. तिने तो उचलला नाही, बसल्या जागेवरूनच वाचला.

"ही बाई गोळ्या सोडा म्हणते काय?"

"नाही. कमी करायच्या असल्या तर तीच करते, हळूहळू."

"ओरडते काय?"

"मला ओरडली होती."

"बरं केलं."

बाहेर कोणीतरी शाळेतून परत येणाऱ्या मुलांना हाका मारत होतं. सुनंदाने कागदाची घडी घातली आणि उशीखाली सरकवली.

"जाईन मी. ह्यांले मीच समजावीन. पण तू संग नाही पाह्यजे. अन् तिथं मले दिसू बी नको."

मी बरं म्हणाले आणि उठले.

ती गेली की नाही हे मला माहीत नाही. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या पेशंटबद्दल मी कोणाशी बोलत नाही." त्या असं म्हणतात, म्हणूनच मी त्यांच्याकडे जाते.

कागदावर मी मंगळवार लिहिला होता, कारण देवरावांची सुटी मंगळवारी असते. माझा वारही मंगळवारच होता. मी दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवर गेले आणि माझा वार बदलून शुक्रवार करून घेतला.